काळ्या गुळाच्या शोधात कोल्हापूर

पुण्यात एका छोट्या ब्रुअरीत बिअर बनवणं हे माझं काम. २००९ साली पुण्यात डुलाली सुरू झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक. पुढच्या वर्षी बंगळुरूत टॉइट आली. तेव्हा जिथे बनते तिथेच ताजी बिअर प्यायची याचंच लोकांना अप्रूप होतं. आता टेबलावर बसणारी मंडळी मेन्यू वाचून विचारतात, यात आपल्याकडचं काय आहे? मग कुणी कोकम घालतं, कुणी आंबा. टॉइटनं बासमतीची बिअर केली. पुण्यातली मूनशाइन मीडरी मध आंबवून मीड नावाचं पेय करते. हे सगळं मला मनापासून आवडतं. एक गोष्ट मात्र फार खटकते. पुष्कळदा मॉल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेलं जव, जर्मनीचा, कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं अमेरिकेची, साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट बेल्जियमचं आणि लेबलवर तेवढं वारली चित्र असतं. हॉप्सचं मी समजू शकते. त्या वेलीला उन्हाळ्यात लांबच लांब दिवस लागतात, आपल्या देशात ती लाहौलसारख्या उत्तरेच्या डोंगरात लागते, सह्याद्रीत नाही. पण साखर आणि धान्य तरी इथलं का असू नये?

या हिवाळ्यात गुळाची बिअर करायची ठरली, तेव्हा दुकानातून डबा आणण्यापेक्षा मी सरळ आजोळ गाठलं.

शुक्रवार

रात्रीची महालक्ष्मी पकडली की सकाळी कोल्हापूर. मामा स्टेशनवर आला होता. घरी पोचेपर्यंत मामीनं चहा टाकलेला. "गाडीत झोप लागली काय? जा, तोंड धू, मी आलोच," असं म्हणत ती पोहे परतायला आत गेली. पोहे नकोत, मिसळ खायची आहे, हे सांगायला मला धीर झाला नाही. मिसळ नंतर उद्यमनगरात फडतरेंकडे खाल्ली, ब्रेडच्या स्लाइसबरोबर, दोनदा कट मागून.

तिथून मार्केट यार्ड. कोल्हापूरच्या गूळ व्यापाराची जुनी जागा शाहूपुरी. शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसवली ती गुळासाठीच. शेतकऱ्याला आपला माल आपल्याच संस्थानात विकता यावा आणि व्यापाऱ्यानंही इथेच दुकान थाटावं, म्हणून. आता सौदे यार्डात निघतात. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचा सौदा होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत आवक चालू राहते. मी पोचले तेव्हा अडत्याच्या गाळ्यासमोर ढेपा ओळीनं मांडल्या होत्या. व्यापाऱ्यांचा घोळका एका थप्पीकडून दुसरीकडे सरकायचा. कुणीतरी सुरीनं कोपरा तासायचं, तुकडा उजेडात धरायचं, दाताखाली घ्यायचं आणि दर पुकारला जायचा. मी बराच वेळ बघत उभी होते. जिभेवर तुकडा ठेवणारे थोडे, उजेडात धरणारे सगळे.

दर रंगावर ठरतो. पिवळाधमक, चकचकीत, कणीदार गूळ असेल तर वरचा दर. थोडा लाल असेल तर कमी. काळपट असेल तर त्याच्यापुढे घोळका थांबतही नाही. मी ज्या अडत्याशी बोलले ते वयस्कर गृहस्थ होते. काळा गूळ हवाय म्हटल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"जनावरांना घालायला पाहिजे काय, ताई?"

"नाही काका, बिअरमध्ये घालायला."

ते जरा थांबले. मग गाळ्याच्या मागच्या बाजूला नेऊन त्यांनी गडद तपकिरी ढेपांची एक थप्पी दाखवली. "हे चांगलं हाय, पावडर न्हाई, काय न्हाई. पण ह्याला गिऱ्हाईक न्हाई. गिऱ्हाइकाला सोनं पाहिजे."

पावडर म्हणजे हायड्रॉस, सोडियम हायड्रोसल्फाइट. रस उकळताना ती टाकली की रंग उजळतो. गिऱ्हाइकाला पिवळा रंग हवा म्हणून व्यापारी पिवळा मागतो, व्यापारी मागतो म्हणून गुऱ्हाळवाला पावडर टाकतो. काही जण तर गुळात साखरच मिसळतात, ढेप घट्ट आणि उजळ होते म्हणून. ज्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची ही गत बघून वाईट वाटतं. शेजारच्या कर्नाटकातला गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो, त्यावरून यार्डात भांडणं होतात ती वेगळीच.

माझ्या कामाला पिवळा गूळ दोन कारणांनी नको. पावडरीचा गंधक राहिला तर यीस्ट मंदावतं आणि बिअरला काडेपेटीचा वास येऊ शकतो. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. गुळातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, गोडी राहतच नाही. मागे उरतो तो साखर सोडून गुळात जे काही असतं त्याचा वास आणि चव. पिवळ्या गुळात ते कमी, काळपट गुळात भरपूर. म्हणजे बाजार ज्याचा दर पाडतो, नेमकं तेच मला पैसे मोजून हवंय. ही गोष्ट मी यार्डात उभी राहून अडत्याकाकांना सांगितली. त्यांनी एका गुऱ्हाळवाल्याला फोन लावला आणि "उद्या सकाळी जावा, माझं नाव सांगा" म्हणाले.

संध्याकाळी गंगावेशीत गेले. तिथे अजूनही म्हशी कट्ट्यावर आणून बांधतात आणि धार काढून फेसाळतं दूध तुमच्या समोर पेल्यात ओततात. तालमीतली पोरं, म्हातारी माणसं, ऑफिसातून परतणारे, सगळे उभ्यानं पितात. ताजं म्हणजे काय हे या गावाला शिकवावं लागत नाही. कारखान्यातली बाटलीबंद बिअर पाश्चराइज करतात, म्हणून ती महिनोन्महिने टिकते. आमची बिअर केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या पिंपात, थंड ठेवावी लागते आणि काही आठवड्यांत संपवावी लागते. तिची खरी किंमत त्या ताजेपणाची आहे. ज्या गावात धारोष्ण दुधासाठी माणसं रांग लावतात, तिथे हे पटायला जड जाणार नाही असं मला तरी वाटतं.

शनिवार

गुऱ्हाळ करवीर तालुक्यात, शहरापासून फार लांब नाही. उसाच्या दोन फडांमधून जाणारा रस्ता, त्यावर चिपाडांचा सडा, आणि कमान दिसायच्या आधीच तो वास. दिवस उजाडायचा होता, पण पहिलं आदण, म्हणजे एका वेळी उकळायचा रस, चुलवाणावर चढलेलं.

घाण्यातून रस हौदात पडत होता. रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर मी थेंब टाकून बघितला, १९ ब्रिक्स. गूळ शिजवणारे कारागीर, म्हणजे गुळव्या, त्यांनी विचारलं, काय दाखवतंय? मी आकडा सांगितला. "शहाऐंशी बत्तीस हाय, लागणीचा," ते म्हणाले. को ८६०३२ या जातीचं हे बोलीतलं नाव. "आडसाली असता तर अजून वर गेला असता." आडसाली म्हणजे दीडएक वर्ष शेतात उभा राहिलेला ऊस. त्यांनी रस चाखलाही नव्हता.

पुढचे दोन-अडीच तास मी काहिलीपासून, म्हणजे रस उकळायच्या त्या मोठ्या कढईपासून, हलले नाही. खाली जळवा चुलवाणात वाळकी चिपाडं सारत होता. म्हणजे ज्या उसाचा रस, त्याच उसाचं जळण. रस तापायला लागला तशी आधी चुन्याची निवळी पडली, मग भेंडीचं पाणी. रानभेंडीची ताटं ठेचून पाण्यात चोळली की बुळबुळीत चीक सुटतो. तो रसात पडला की सगळी घाण त्याला धरून वर येते आणि काळपट हिरवी मळी साय धरल्यासारखी तरंगते. गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं ती काढत राहतात. मळी किती काढायची आणि कधी थांबायचं यावर गूळ ठरतो. आम्हीसुद्धा बिअरचं गोड पाणी उकळतो तेव्हा असाच गाळ वर येतो आणि तो नीट सुटला नाही तर बिअर गढूळ होते. आमच्याकडे स्टीलची बंद भांडी आणि काचेतून बघायची सोय, इथे काहिलीवर वाकलेला माणूस. पण डोळा तोच लागतो.

मळी निघाल्यावर रस उकळून वर यायला लागला. फेस काठाशी आला की एकजण शेंगतेलाचे दोन-चार थेंब टाकायचा आणि फेस बसायचा. रंग आधी पिवळा, मग मधासारखा, मग लाल. या टप्प्यावर काढली तर काकवी. मला वाटीभर मिळाली, गरम. गुळव्या आता बोलेनासे झाले होते. पितळी वाटीतल्या गार पाण्यात उलथन्यानं थेंब सोडायचा, बोटांनी चाचपायचा, परत थोडं थांबायचं. पाण्यात थेंब पसरला, मग तार झाली, मग गोळी. ती गोळी त्यांनी काहिलीच्या काठावर आपटली, टण्ण आवाज आला आणि "उतरा!" ओरडले. मी मुद्दाम थर्मामीटर धरला होता, ११८ अंशांना जेमतेम अर्धा कमी.

काहील गूळ गार करायच्या वाफ्यात रिती झाली. लाकडी फावड्यानं ढवळत ढवळत गूळ दाणेदार झाला आणि बादल्यांमध्ये भरला गेला. रंग गडद बदामी. मालकांनी स्वतःच विषय काढला. ते साधारण माझ्या मोठ्या भावाच्या वयाचे.

"पावडर टाकली नाही म्हणून यार्डात दर पडतोय. गेल्या साली गावातली दोन गुऱ्हाळं बंद झाली. ऊस कारखान्याला घातला की काम संपलं. हितं माणसं मिळत नाहीत, जळण बघा, दर बघा. कशाला कोण करंल?"

त्यांचा हिशेब सोपा आहे. टनभर उसातून साधारण शंभर ते एकशेवीस किलो गूळ निघतो. त्या गुळाला कारखान्याच्या उसापेक्षा एवढा दर मिळायला हवा की गुळव्या, जळवा, घाण्यावरची माणसं, सगळ्यांची मजुरी निघून काही उरावं. पिवळ्याला तो कसाबसा मिळतो, काळ्याला नाही.

मी त्यांना आमचा हिशेब सांगितला. लिटरमागे दहा ग्रॅम गूळ घातला की साधारण अर्धा टक्का अल्कोहोल वाढतं. बिअरच्या एकूण साखरेत दहा-पंधरा टक्के गूळ बसतो. त्याहून जास्त घातला तर अंगच राहत नाही, पाणीदार लागते. म्हणजे एक छोटी ब्रुअरी काही ट्रकभर गूळ घेणार नाही. पण जो घेईल तो काळा घेईल, आणि अशा पाच-सात ब्रुअऱ्या झाल्या तर एका गुऱ्हाळाचा हंगाम निघू शकेल. लोकांना आवडतेय, मागणी वाढतेय असं आम्ही शहरात बसून म्हणतो. त्या मागणीतलं काही इथपर्यंत पोचत नसेल तर लेबलवर कोल्हापूर लिहायचा आम्हाला अधिकार नाही, हे मी त्यांनाही म्हणाले.

रात्री मामेभावाच्या हॉटेलात. खाली परमिट रूम, वर फॅमिली रूम. दादानं मला त्याचा फ्रीज दाखवला. वरचे दोन कप्पे स्ट्राँगचे, मग माइल्ड, आणि सगळ्यात खाली गव्हाच्या बिअरच्या आणि बाहेरून आलेल्या काही रंगीत बाटल्या. देशभर स्ट्राँगच सर्वांत जास्त खपते, कोल्हापूर त्याला अपवाद नाही.

"खालच्या कप्प्याला आधी कोण हात लावत नव्हतं," दादा म्हणाला. "आता पुण्या-बंगळूरला नोकरी करणारी पोरं सणाला येतात, ती तेच मागतात. मग त्यांच्याबरोबर बसलेला गावातला मित्र पण एक घोट घेऊन बघतो. एकदा घेतली की पुढच्या वेळी तोच विचारतो."

"मग केग ठेव की."

"केगला थंड खोली पाहिजे, ताई. लाइट गेली तर? आणि पुण्यात एका ग्लासाचं जे घेता, तेवढ्यात हितं जवळपास दोन बाटल्या स्ट्राँग येतात. गिऱ्हाईक हिशेब करतंय."

त्याचं म्हणणं खरं आहे. थंड साखळी आणि किंमत, या दोन गोष्टी सुटल्याशिवाय छोट्या शहरात हे रुजणार नाही. लहान ग्लास ठेव, दोनशे मिलीचा, असं मी सुचवलं. ज्याला फक्त चव बघायची आहे त्याला अर्धा लिटर कशाला विकायचा?

रविवार

भल्या पहाटे आजऱ्याकडे. गाडी मामाची, चालवणारा दादा. घाट चढून पुढे गेलं की उसाचं राज्य संपतं, काजू आणि भाताची खाचरं लागतात. भात कधीच निघालेलं, खाचरांत नुसती धसकटं. हिरण्यकेशीकाठच्या रामतीर्थावर पाय भिजवून लगेच निघालो, कारण गिरणी दुपारी बंद होणार होती.

आजरा घनसाळ हा बारीक, आखूड, वासाचा तांदूळ. यालाही २०१६ पासून मानांकन आहे. मला हवी होती ती कणी. बिअरला अखंड दाणा लागत नाही, पिष्ट म्हणजे स्टार्च लागतं, आणि ते कणीत तेवढंच असतं. तांदळात पिष्टाची साखर करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, नसतं. म्हणून आधी तो मऊ शिजवायचा, मग जवाच्या मॉल्टबरोबर ६५ अंशांच्या आसपास धरायचा. मॉल्टमधली विकरं दोघांच्या पिष्टाची साखर करतात.

बव्हेरियात १५१६ साली कायदा झाला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांशिवाय काही नको. अजूनही काही जाणकार तांदूळ आणि साखर म्हटलं की नाक मुरडतात. मला तो आग्रह इथे लावणं चुकीचं वाटतं. बेल्जियममधल्या मठांची ट्रिपेल नावाची बिअर साखर घालूनच एवढी हलकी आणि कोरडी होते. जिथे जे पिकतं ते घालणं हाच बिअरचा जुना रिवाज आहे.

घनसाळचा वास मात्र टिकणार नाही, हे मला दिसतंय. तासभर उकळलं की तो वाफेबरोबर जातो. गिरणीवाल्या काकूंनी ओंजळभर तांदूळ हातावर चोळून दिला, सबंध खोलीत दरवळ. यातलं बिअरमध्ये काही उतरेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून थोडा तांदूळ भाजून, उकळणं थांबल्यावर घालून बघणार आहे. नुसत्या नावासाठी घनसाळ वापरायचा असेल तर तो भातालाच राहिलेला बरा.

नाचणीनं मात्र उत्साह वाटला. काकूंच्या घरी नाचणी सत्त्वासाठी भिजवून मोड आणतात, सुकवतात, दळतात. म्हणजे मॉल्टच की! हिमालयात, सिक्कीमकडे, कोदो आंबवून तोंगबा करतात तीही नाचणीच. मोड आलेल्या नाचणीत स्वतःची विकरंही असतात. काकूंनी मोड किती यायला हवा ते दाखवलं, दाण्याएवढा, त्याहून लांब गेला की कडवट होते. मी पाच किलो मागून घेतली. त्यांनी सत्त्वाचाच दर लावला आणि मी घासाघीस केली नाही.

रात्री मामाकडे मटण. शुक्रवार अंबाबाईचा म्हणून घरात करत नाहीत, त्यामुळे रविवारची सगळे वाट बघत होते. सुकं, तांबडा, पांढरा, भाकरी. मी पुण्याहून आमच्या ब्रुअरीतल्या दोन प्रकारच्या बाटल्या बर्फात घालून आणल्या होत्या. आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडवट बिअर, आधी उघडली, तिचीच सध्या सर्वांत जास्त चलती म्हणून. मामानं तांबड्याचा भुरका मारून एक घोट घेतला आणि ताटलीतला कांदा तोंडात टाकला. "जाळ झाला की गं!" हॉप्सचा कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाला चढवतात, आयपीएमध्ये दोन्ही भरपूर. मग गव्हाची बिअर ओतली, कडवटपणा अगदी कमी, अंगाला भरलेली. ती तांबड्याबरोबर चालली आणि पांढऱ्याबरोबर तर फारच जमली, खसखस-नारळाच्या रश्शाला तिची लवंगेची झाक पोषक ठरली. मामीनं घोटभर चाखली. "गोड न्हाई, कडू न्हाई. ही बरी हाय." त्या एका वाक्यावर माझी रेसिपी बदलली. डोक्यात गडद, कडक, सात टक्क्यांची गुळाची बिअर होती. आता गव्हाचा पाया, पाच टक्क्यांच्या आत, हॉप्स नावाला आणि गूळ उकळण्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत.

सोमवार

गाडी दुपारची होती, म्हणून सकाळी परत गुऱ्हाळावर. अडत्याकाकाही आले होते. बसून बोलणं झालं. पावडर नको, साखर नको, ढेपा एक-एक किलोच्या, प्रत्येक खेपेबरोबर कुठल्या फडातला ऊस आणि कुठल्या तारखेचं आदण ते लिहून द्यायचं. दर त्या दिवशीच्या सौद्यात पिवळ्याला निघेल तो, त्यावर वाहतूक आमची. अडत्याकाकांची अडत त्यांना. मालक म्हणाले, पुढच्या हंगामाचं आत्ताच सांगून ठेवलंत तर पाच गुंठे पावडरीशिवायच्या गुळासाठी बाजूला धरता येतील, खतही जपून टाकता येईल. मी ब्रुअरीत फोन लावून तिथल्या तिथे होकार घेतला.

गुळव्या तोवर गप्प होते. निघताना म्हणाले, "ताई, एखाद्या आदणाचा रंग लईच काळा आला तर माल माघारी धाडणार न्हाई न्हवं?"

वहीतलं पान फाडून मी ते लिहून दिलं, रंगावरून माल परत करणार नाही, आणि खाली सही केली. मालकांनी पान घडी घालून खिशात ठेवलं आणि पुढच्या आदणासाठी घाणा चालू करायला सांगितला.